लटारीजींचा गुंड आणि पायरोची नखे

उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट अशी माझी तीन नखे सोळा वर्षे तपकिरी होती. पान खाणाऱ्याचे ओठ जसे कायमचे रंगतात तशी. नव्या ओळखीचा माणूस नमस्कारानंतर नखांकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. बिडी ओढता का, असे तिघांनी विचारले. मेंदी का लावली, असे एकाने. आमच्या सौ.ने तर लग्नाकार्यात मला सांगूनच ठेवले होते, "पंगतीत बसाल तं डाव्या हाताकडच्या पाहुण्याशी बोला. उजव्या हाताकडे पाहून लोकाईची भूक मरते."

स्टुडिओतली अंधारखोली बंद करून आता सात महिने झाले. नखे वाढली, कापली, पुन्हा वाढली. आज ती साफ आहेत. दिवाळी अंकासाठी धंद्यातले काही लिहा, असे सुचवण्यात आले, तेव्हा माझे लक्ष आधी नखांकडे गेले. म्हणून त्यांचीच गोष्ट लिहितो. ती मला फारशी शोभा देणारी नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

माझा स्टुडिओ भंडाऱ्यात, भांड्यांच्या बाजाराला लागून होता. दिवसभर कानावर पितळ ठोकण्याचा आवाज. कॅमेरा लाकडी, तीन पायांचा, भात्याचा. डोक्यावर काळे कापड घ्यायचे आणि मागच्या काचेवर उलटी माणसे बघायची. आजच्या मुलांना रोल माहीत आहे. आमच्या कॅमेऱ्यात एका वेळी फिल्मचा एकच तुकडा बसायचा, साडेसहा बाय साडेआठ इंचांचा. जेवढी फिल्म तेवढाच फोटो. कागद फिल्मला चिकटवून प्रकाश द्यायचा, मोठा करण्याची भानगड नाही. त्यामुळे फिल्मवर जे असेल ते सगळे कागदावर येई, आणि जे नसेल ते ब्रह्मदेवालाही आणता येत नसे.

मात्र एक गोष्ट आणता येत असे, आणि तिथेच माझा हात नको इतका चालायचा. तिला आम्ही रिटचिंग म्हणतो. निगेटिव्ह उताराच्या काचेवर ठेवायची, मागून उजेड, हातात सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पांढरा, स्वच्छ दिसतो. त्या स्वच्छ जागेत पेन्सिलीचे बारीक बारीक टिपके भरले की फोटोत डाग नाहीसा होतो. मुलगी दाखवायच्या फोटोत देवीचे व्रण, तारुण्यपिटिका, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सगळे मी घालवत असे. या बाबतीत माझे नाव नागपूरपर्यंत होते. पवनीच्या एका म्हातारीचा फोटो मी इतका साफ करून दिला की ती बराच वेळ हातात धरून बसली आणि म्हणाली, "हे तं माही लहान बहीण होय. मेली ती. तिचा फोटो तुमच्याजवळ कसा आला?" मी तेव्हा हसलो. मला ती माझी स्तुती वाटली.

लटारीजी माझ्या स्टुडिओपासून पाच दुकाने सोडून बसत. वय साठीच्या आसपास, अंगात बंडी, चष्मा नाही. हातोडीने ठोकून पितळेचे गुंड करण्यात त्यांचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. गुंड म्हणजे पाणी भरायची मोठी घागर, आमच्याकडे हाच शब्द आहे. पितळेचा पत्रा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून पोट फुगवायचे आणि शेवटी बाहेरून बारीक ठोक्यांच्या ओळी घालायच्या. एकाशेजारी एक, बुडापासून गळ्यापर्यंत. प्रत्येक ठोका चवलीएवढा सपाट, आणि त्यांच्या ओळी नांगरलेल्या शेतासारख्या सरळ. त्या ठोक्यांनी पितळ घट्ट होते आणि पडले तरी पोचा येत नाही. त्या वर्षांत बाजारात मशीनवर दाबून केलेले गुंड येऊ लागले होते. गुळगुळीत, हलके. लटारीजी त्यांना हात लावत नसत. "त्याच्यात पाणी ठेवलं तं पाण्याले लाज येते," म्हणत.

एका हस्तकला स्पर्धेसाठी त्यांनी एक गुंड केला होता. पहिल्या फेरीला फक्त फोटो पाठवायचा होता, गुंड नंतर. फोटोसाठी ते माझ्याकडे आले. मी गुंड उन्हात ठेवला, फोटो काढला, नेहमीच्या औषधात धुतला. फोटोत पोट पांढरे झळाळत होते आणि त्या झळाळीच्या कडेला ठोके अर्धेमुर्धे, तुटक, डागांसारखे दिसत होते. मी निगेटिव्ह रिटचिंगच्या काचेवर घेतली आणि दोन तास बसून ते सगळे डाग भरून काढले.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिले. माणसाने आयुष्यभर हाताने जे काम केले ते मी दोन तासांत पेन्सिलीने पुसले, आणि ते मला त्या वेळी कळले नाही. डाग म्हणजे घालवायचा, एवढेच मला येत होते.

फोटो दाखवला तेव्हा लटारीजी तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चमकला बापा लय." मी म्हणालो, "पाहा, एक डाग ठेवला नाही." ते म्हणाले, "हाव ना. तुमच्या धंद्यातलं तुमाले समजते." आणि फोटो कागदात गुंडाळून घेऊन गेले.

महिन्याभराने उत्तर आले. ते घेऊन लटारीजी दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आले. त्यांना वाचता येत होते, तरी म्हणाले, "वाचा जी जरा." सदर भांडे छायाचित्रावरून यंत्रावर तयार केलेले दिसते, ते हस्तनिर्मित असल्यास ठोक्यांचे काम स्पष्ट दिसेल असे नवे छायाचित्र पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत पोचते करावे, अन्यथा प्रवेश रद्द समजावा, अशा अर्थाचा मजकूर होता. पत्र पोस्टात सहा दिवस होते. नवा फोटो जायला चार दिवस. माझ्या हाती राहिले पाच.

मी पत्र घडी करून परत दिले.

"स्पर्धेचं जाऊ द्या," लटारीजी म्हणाले. "पोस्टमननं चौकात वाचून दाखवलं हे. आता सारा बाजार म्हणून राह्यला, लटारीनं मशीनचा गुंड पाठवला अना पकडला गेला. काल एक जण मले इचारते, काका, मशीन कुठून आणली, मलेही सांगा."

"लटारीजी, चूक माझी आहे. मी ठोके पुसले."

"माहीत हाय."

"तेव्हाच दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसन नाई त काय होईन? चाळीस वर्षं ठोकून राह्यलो. पण तुमी इतक्या कौतुकानं दाखवून राह्यले होते, का मले बोलताच नाई आलं."

त्या दिवशी मी दुपारचे जेवण सोडले. आणि ठरवले, की हा गुंड आता ठोक्या-ठोक्यासकट कागदावर आणायचा आणि पेन्सिलीला हात लावायचा नाही.

पण पेन्सिल बाजूला ठेवून प्रश्न सुटत नव्हता. पितळेचा प्रत्येक ठोका म्हणजे एक लहान आरसा असतो. उजेड पडला की शेजारशेजारचे आरसे एकदम चमकतात आणि फिल्मवर त्यांचा एकच गोळा होतो. उजेड कमी द्यावा तर गळा आणि बूड काळे ठिक्कर. आमचे नेहमीचे औषध मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचे, धंद्यात त्याला एम. क्यू. म्हणतात. चेहऱ्यांसाठी उत्तम, एकदा केलेल्या औषधात कितीतरी फिल्म निघतात, आणि हात गोरे राहतात. पण चमकत्या वस्तूवर ते थांबत नाही. जिथे उजेड जास्त पडला तिथे फिल्म काळी करत जाते, करत जाते, शेवटी डांबर. त्या डांबरातून कागदापर्यंत काहीच पोचत नाही.

ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते नागपूरचे उस्ताद वारले तेव्हा त्यांची एक बाटली मला मिळाली होती. पायरो. पूर्ण नाव पायरोगॅलॉल. कापसासारखी हलकी पांढरी पूड, फुंकर लागली तर उडेल. उस्ताद दागिन्यांचे फोटो याच औषधात काढत. शिकताना मी हे औषध टाळले, कारण कटकट फार. तीन बाटल्यांत तीन पाणी वेगवेगळे ठेवायचे, वेळेवर मिसळायचे, मिसळल्यावर दहा मिनिटांत त्याचा चहा होतो, मग फेकायचे. एका मिश्रणात एकच फिल्म. हात रंगतात. आणि हे विष आहे, कातडीतूनही अंगात जाते, हे आम्हाला त्या काळी कोणी सांगितले नव्हते. आज कोणी हे औषध वापरत असेल तर त्याने रबरी हातमोज्याशिवाय वापरू नये.

पण त्याचे दोन गुण असे, की दुसऱ्या औषधात नाहीत. ते फिल्मवर नुसती चांदी काळी करत नाही, त्या चांदीबरोबर पिवळट तपकिरी डाग सोडते. जिथे चांदी जास्त तिथे डाग जास्त. आमच्या कागदाला निळा उजेड दिसतो, पिवळ्यातून तो कमी येतो, म्हणून हा डागही फोटो घडवायला मदत करतो. दुसरा गुण, ते फिल्मवरचा सरसाचा थर जागच्या जागी कातड्यासारखा कमावते. जिथे उजेड जास्त तिथे थर लवकर कडक होतो, मग औषध आत हळू शिरते, आणि डांबर होण्याआधीच काम मंदावते. भंडाऱ्याच्या मार्च महिन्यात, जेव्हा नळाचे पाणी एकोणतीस अंश असते आणि फिल्मवरचा थर खिरीसारखा सुटायला बघतो, तेव्हा हा कडकपणा वेगळाच उपयोगी.

अडचण अशी, की बाटली सात वर्षांची होती आणि पूड वरून करडी पडली होती. जिवंत की मेलेली, ठाऊक नाही. आणि फिल्मचे सहाच तुकडे शिल्लक. नागपूरहून नवे यायला तीन आठवडे.

मला आकड्यांशिवाय काही सुचत नाही. मी वही काढली. सहा तुकड्यांपैकी दोन परीक्षेला, चार गुंडाला. परीक्षेचा एक तुकडा कात्रीने चार पट्ट्यांत कापला की चार परीक्षा. म्हणजे एका फोटोत शेजारीशेजारी चार सारख्या वस्तू हव्यात, दर पट्टीवर एक. आमच्या घरात लटारीजींच्याच हातचे, ठोक्यांचे चार पितळी पेले होते.

"पेले कुठं चालवले?" सौ.ने विचारले.

"फोटो काढायचा आहे."

"पेल्याईचा? अना पाणी काय पोरांनी ओंजळीनं प्यायचं?"

"दोन दिवस."

"पेल्याईचा फोटो काढणारा माणूस म्या जन्मात पाह्यला नाई. तोंडावर हासू आणाल काय त्याईच्या?" असे म्हणत तिनेच पेले पुसून दिले.

चारही पेले एका ओळीत ठेवून फोटो काढला. लाल दिव्याखाली फिल्म कापली. पहिली पट्टी नेहमीच्या एम. क्यू.मध्ये. बाकी तीन पायरोमध्ये. पायरोच्या तीन पाण्यांत एक सल्फाइटचे असते. ते औषधाला जपते, पण डागही रोखते. सल्फाइट जास्त तर डाग कमी, सल्फाइट नाही तर डाग बेफाम. उस्ताद किती घालत ते मी कधी विचारले नव्हते, शिकणाऱ्याने विचारायचे असते ते. म्हणून दुसऱ्या पट्टीला सल्फाइट पूर्ण, तिसरीला अर्धे, चौथीला शून्य.

पूड जिवंत होती. तीन मिनिटांत लाल उजेडात पेला उमटताना दिसला तेव्हा मी एकटाच मोठ्याने "हाव" म्हणालो.

पण पट्ट्या वाळल्यावर बघतो तर निराशा. एम. क्यू.ची पट्टी दणदणीत काळी, जशी सवयीची. चौथी सगळीकडून पिवळी, चहा सांडलेल्या धोतरासारखी, आणि मधे लाटा. दुसरी आणि तिसरी मात्र पातळ. इतकी पातळ की अशी निगेटिव्ह माझ्या दुकानात मी केराच्या टोपलीत टाकली असती. तिसरी खरोखर टोपलीकडे गेलीही. हात तिथे पोचला आणि मला वाटले, महिनाभरापूर्वी डोळ्यावर विश्वास ठेवूनच आपण दोन तास पेन्सिल चालवली होती. तेव्हा यावेळी डोळ्याला विचारायचे नाही, कागदाला विचारायचे.

चारही पट्ट्या एकाच कागदावर, एकाच वेळी, बावीस सेकंद. पहिल्या पेल्याचे पोट पांढरे फट्ट. दुसऱ्यावर ठोके होते पण मरगळलेले. चौथा मळका. आणि तिसऱ्या पेल्यावर ठोके मोजता येत होते. मी मोजले. पुढच्या बाजूला एकशे चार. मग खरा पेला हातात घेऊन मोजले. एकशे चार. माझे डोळे जिला पातळ म्हणत होते ती निगेटिव्ह कागदाच्या दृष्टीने भरलेली होती. पिवळा डाग डोळ्याला दिसतच नाही, म्हणजे दिसतो पण वजनात धरला जात नाही. ही गोष्ट मी तोवर पुस्तकात वाचून सोडून दिली होती.

दुसऱ्या परीक्षेत वेळ ठरवला. माठाला ओले पोते गुंडाळून पाणी चोवीस अंशांवर आणले. चोवीस अंश, साडेपाच मिनिटे, सल्फाइट अर्धे. वहीत या ओळीखाली मी रेघ मारली.

तीन दिवस संपले. चौथ्या दिवशी सकाळी फोटो. आदल्या दिवशी मी लटारीजींना चारदा बजावले होते, गुंड आहे तसाच आणा, थोडा मंद पडलेलाच बरा, चमकवू नका. त्यांनी हो म्हटले होते. सकाळी ते आणि त्यांची बायको पार्वताबाई गुंड घेऊन आले. तिने फडके बाजूला केले आणि माझ्या डोळ्यांत उजेड गेला. चिंच आणि राखेने घासून गुंड नव्या नवरीसारखा केलेला होता. आत मूठभर तांदूळही.

"हे काय केलं?" मी म्हणालो.

लटारीजींनी बायकोकडे बोट दाखवले. "म्या सांगतलं हिले. पण माह्या घरात ऐकते कोण?"

"काहून ऐकू?" पार्वताबाई म्हणाल्या. "भांडं घराबाहेर निघते तं घासून निघते. रिकामं निघत नाई. आधीच लोक मशीनचं म्हणून राह्यले, आता काय मळकं हाय असंही म्हणू द्यायचं?"

आमच्या घरीही हाच नियम आहे. मी म्हटले, कोळशाच्या धुरावर धरून वरून थोडी काजळी घेऊ, मग पुसून टाकू, चमक मरेल. लटारीजींनी गुंडावर हात ठेवला.

"काजळी नाई लावायची. एकदा तुमी पेन्सिल लावली. आता काजळी लावता. त्याले उघडं कवा पाहाल?"

तो दिवस माझ्या धंद्याचा खरा पहिला दिवस, असे मला पुष्कळदा वाटते. मी गुंड उन्हातून उचलून मागच्या पडवीत उत्तरेच्या बाजूला नेला. गुंड आणि उजेड यांच्यामध्ये माझे पांढरे धोतर ताणून बांधले, म्हणजे उजेड गाळून येईल. लटारीजींना काळ्या कापडाखाली घेऊन काच दाखवली. मग आतूनच आवाज आला, "उलटा दिसून राह्यला ना जी. तांदूळ सांडन."

"ठोके दिसतात का?"

"दिसते. ओळी बी दिसते." आणि थोड्या वेळाने, "तुमाले बी हे दिसत होतं का मागच्या टायमाले?"

"दिसत होतं," मी म्हणालो. खोटे बोलायची ती जागा नव्हती.

दोन फोटो काढले. पहिली फिल्म धुताना घड्याळ बघण्यासाठी मी ट्रे हलवायचे थांबलो, फार तर पाच सेकंद. पायरोला तेवढे पुरते. डाग एका जागी जमला आणि गुंडाच्या पोटावर ढग उमटला. एम. क्यू.मध्ये अशी चूक माफ होते. दुसऱ्या फिल्मच्या वेळी मी घड्याळ बाहेर पार्वताबाईंच्या हातात दिले आणि सांगितले, दर अर्ध्या मिनिटाला मोठ्याने ओरडा. त्या दाराशी बसल्या आणि बाजारात ऐकू जाईल असे ओरडू लागल्या. "एक झालं! दोन झालं!" साडेपाच मिनिटांत अकरा वेळा. ट्रे मी एकसारखा हलवत होतो, चारही बाजूंनी आळीपाळीने, बोटे औषधात. अकराव्या हाकेला फिल्म उचलली.

दुपारी फोटो कागदावर आला. ओला फोटो काचेवर चिकटवून मी तो दोघांसमोर धरला.

लटारीजींनी अंगठ्याचे नख काचेपासून वितभर अंतरावर धरून बुडाच्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक ठोका, एकेक ओळ. गुंडाच्या पोटावरून वर. गळ्याच्या खाली, उजव्या बाजूला, नख थांबले. तिथे ओळीतून तीन ठोके खाली घसरले होते. शेजारशेजारचे तीन. एवढ्या सरळ कामात ते लगेच दिसत होते.

"हे माहे हाय," ते हळूच म्हणाले. "उजव्या डोळ्यात पडदा येऊन राह्यला. त्या दिवशी ओळच दिसे ना. पितळेवर चमक होती तं कोणाले दिसलं नाई. हिलेही नाई."

पार्वताबाईंनी त्यांच्याकडे बघितले. त्यांना ते खरेच माहीत नव्हते, डोळ्याचेही आणि ठोक्यांचेही.

"भाऊ," लटारीजी म्हणाले, "तीनच हाय. पेन्सिल लागन काय?"

लागली असती. निगेटिव्हवर तीन जागा, पाच मिनिटांचे काम. माझी पेन्सिल रिटचिंगच्या काचेशेजारीच पडलेली होती. ज्या माणसाचे मी सगळे ठोके पुसले तो आता माझ्याकडे तीन मागत होता. नाही म्हणायचा मला काय अधिकार? आणि हो म्हणायचा तरी काय?

"लागेल," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल तसं."

ते काही बोलण्याआधी पार्वताबाई बोलल्या. "राहू द्या." मग नवऱ्याकडे वळून, "मशीन कवा चुकते काय? हे तीन पाहूनच तं समजन त्याईले, का माणसानं केलं म्हणून." आणि पुन्हा, जरा वेगळ्या आवाजात, "अना डोळ्याचं मले सांगतलं काहून नाई?"

लटारीजींनी नख खाली घेतले.

वहीत प्रत्येक फोटोपुढे मी रकाने पाडत असे. फिल्म, उजेड, औषध, अंश, मिनिटे, रिटचिंग. त्या दिवशी शेवटच्या रकान्यात पहिल्यांदाच शून्य लिहिले.

फोटो पाचव्या दिवशी सकाळच्या टपालाने गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आले: भांडे हस्तनिर्मित असल्याचे मान्य करण्यात येत आहे, पुढील फेरीसाठी भांडे पाठवावे. गुंड गेला. बक्षीस मिळाले नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला मिळाले आणि ते काम चांगलेच असणार. लटारीजींनी ते "मान्य" शब्दाचे पत्र मात्र पोस्टमनला पुन्हा चौकात वाचायला लावले, दोनदा. नंतर पार्वताबाईंनी त्यांना नागपूरला नेऊन डोळ्याचा पडदा काढून आणला.

त्यानंतर चमकती वस्तू, पांढरे कपडे, उन्हातली देवळे, जिथे म्हणून उजेड फार, तिथे मी पायरोच वापरला. नखे रंगली ती तेव्हापासून. चेहऱ्यांवरची पेन्सिल पूर्ण सोडली असे म्हणणार नाही, मुलींच्या बापांना ती हवीच असे. पण विचारल्याशिवाय चालवली नाही. काही गिऱ्हाइके त्यामुळे तुटली. पवनीची म्हातारी मला अजून आठवते. तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी हसलो होतो.

मग रंगीत आले. रोल नागपूरच्या लॅबला जातो आणि लिफाफा परत येतो, हाताला काही लागत नाही. मुलाने सांगितले, बाबा, आता बस करा. केले.

गुंड परत आला तेव्हा लटारीजींनी माझ्याकडे एक हट्ट धरला होता. नव्या फोटोबरोबर त्यांना तो पहिला, गुळगुळीत फोटोही हवा होता. मला ती निगेटिव्ह फाडून टाकायची होती. ते ऐकेनात. शेवटी काढून दिला. दोन्ही फोटो त्यांनी एका चौकटीत शेजारीशेजारी, गुळगुळीत डावीकडे, लावून दुकानात गादीच्या वर टांगले.

मागच्या आठवड्यात सौ.च्या एका पेल्याची कड वाकली होती म्हणून त्यांच्याकडे गेलो. शहापूरचे एक गिऱ्हाईक बसले होते. ते चौकटीकडे बघून म्हणाले, "काका, हे दोन गुंड वेगवेगळे हाय काय?"

"हाव तं," लटारीजी पेल्यावर हातोडी मारता मारता म्हणाले. मान वर केली नाही. हातोडीच्या टोकाने त्यांनी आधी डावीकडचा फोटो दाखवला, मग उजवीकडचा. "हा या भाऊनं बनवला. हा म्या."